दवाखाना दूर असतो तेव्हा

गावात कुणाला अचानक दुखू लागले तर आपण तालुक्याचा दवाखाना गाठतो. गाडी मिळाली तर गाडीने, नाहीतर चार माणसे खाटेवर घालून नेतात. पण जिथून खाली यायलाच तीन दिवस लागतात, अशा जागी माणूस आजारी पडला तर काय करायचे? पहाडात हिंडणाऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले. ते शोधताना त्यांच्या ध्यानात आले की अशा ठिकाणी औषधाच्या पेटीपेक्षा पथकाच्या नायकाचा वेळीच घेतलेला निर्णय जास्त उपयोगी पडतो.

हे मी हवेतले बोलत नाही. काराकोरम पर्वतातले के-टू हे जगातले दुसऱ्या क्रमांकाचे शिखर, उंची 8,611 मीटर, म्हणजे 28,251 फूट. 1938 साली अमेरिकन गिर्यारोहकांचे एक लहानसे पथक तिथे गेले. त्याचा नायक चार्ल्स ह्यूस्टन हा वैद्यकाचा विद्यार्थी होता, वय अवघे 24. सोबत पॉल पेट्झोल्ट नावाचा वाटाड्या होता. टेटन नावाच्या डोंगररांगेत लोकांना शिखरावर नेऊन आणणे हा त्याचा धंदा. जुलैच्या 20 तारखेला हे दोघे सुमारे 24,700 फुटांवर मुक्कामाला राहिले. स्टोव्ह पेटवायला बसले आणि पाहतात तो काय, काड्या खालच्या तळावरच राहिलेल्या! ह्यूस्टनच्या खिशात कशाबशा नऊ निघाल्या, त्याही धड नव्हत्या. संध्याकाळी स्टोव्ह पेटायला तीन गेल्या, सकाळी आणखी तीन.

काडीचे एवढे काय, असे कुणी म्हणेल. पण बर्फाच्या मुलखात वाहते पाणी नसते. बर्फ वितळवला तरच प्यायला मिळते. त्या उंचीवरची हवा विरळ, थंड आणि कोरडी. माणूस धापा टाकतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर अंगातली ओल बाहेर जाते. पाणी पोटात गेले नाही तर रक्त दाट होते, हातपाय गारठतात, बुद्धीही मंद होते. म्हणजे काडी नाही तर पाणी नाही, आणि पाणी नाही तर जीव नाही. 21 जुलैला पेट्झोल्ट सुमारे 26,000 फुटांपर्यंत पोचला, ह्यूस्टन थोडा खाली थांबला. शिखर अजून दोन हजारांवर फूट वर होते. दोघे मुकाट्याने मागे फिरले आणि सगळे पथक सुखरूप घरी आले.

1953 साली ह्यूस्टन पुन्हा त्याच शिखरावर गेला. आता तो डॉक्टर होता. आठ जण सुमारे 25,500 फुटांवर असताना वादळाने त्यांना कित्येक दिवस तंबूत कोंडून घातले. आर्ट गिल्की नावाच्या तरुण भूगर्भशास्त्रज्ञाच्या पोटरीत रक्ताच्या गुठळ्या झाल्या. दाट झालेले रक्त, त्यात दिवसचे दिवस हालचाल बंद, अशा वेळी हा धोका वाढतो. पुढे गुठळ्या फुप्फुसापर्यंत गेल्या. डॉक्टर उशाशी बसलेला, रोग नेमका ओळखलेला, तरी हाती इलाज नाही! एकच करता येत होते, ते म्हणजे रोग्याला खाली नेणे. 10 ऑगस्टला गिल्कीला तंबूच्या कापडात गुंडाळून दोरांनी खाली सोडत असताना एकाचा पाय घसरला. दोर एकमेकांत अडकून पाच जण ओढले गेले. पीट शोएनिंग याने बर्फाची कुऱ्हाड दगडाला टेकवून एकट्याने सगळ्यांचा भार तोलून धरला. जखमींची सोय लावेपर्यंत गिल्कीला उतारावरच बांधून ठेवले होते. परत येऊन बघतात तर तो जागेवर नव्हता. हिमलोटाने नेला असावा. बाकीचे सात जण उतरले.

हे दोघे पुढे वेगवेगळ्या वाटांनी गेले, पण दोघांनीही पहाडातला हा अनुभव कामाला लावला. पेट्झोल्टने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पहाडी सैनिकांना जखमी माणूस कड्यावरून कसा उतरवायचा ते शिकवले होते. मुलांना रानात नेणाऱ्या संस्था निघू लागल्या तेव्हा त्याला दिसले की मुले पुष्कळ आहेत, पण त्यांना नेणारी जाणती माणसे नाहीत. म्हणून 1965 साली त्याने वायोमिंग राज्यातल्या लँडर गावी शाळा काढली. तिला ना भिंती, ना फळा. विद्यार्थ्यांनी जवळजवळ महिनाभर डोंगरात राहायचे, पाठीवर शिधा वाहायचा, आपला स्वयंपाक आपण करायचा.

तिथल्या दोन रीती शिक्षक मंडळींनी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे रोज नवा विद्यार्थी त्या दिवसाचा नायक होतो. वाट कोणती, थांबायचे कुठे, मागे पडलेल्यासाठी काय करायचे, हे त्याने ठरवायचे. हुशार मुलालाच मॉनिटर करण्याची आपली पद्धत इथे चालत नाही. दुसरी रीत अगदी साधी. टाचेला बूट घासतोय असे वाटले की त्याच क्षणी बोलायचे आणि सगळ्यांनी थांबायचे. फोड येण्याआधी पट्टी लावायला पाच मिनिटे पुरतात. फोड फुटला, चिघळला, की सगळी तुकडी दोन दिवस अडकून पडते. लाजेने लपवलेले दुखणे सगळ्यांच्या अंगावर येते, हे तिथे पहिल्याच दिवशी कळते. आज या शाळेत रानातल्या प्रथमोपचाराचे आठ-दहा दिवसांचे वर्गही चालतात. त्यात शिकवतात की मदत आणायला माणूस धाडायचा तर एकटा धाडू नये, आणि निरोप तोंडी देऊ नये. रोगी कोण, काय झाले, नाडी किती, श्वास किती, जागा कोणती, हे कागदावर लिहून द्यावे. धावत गेलेला माणूस घाबरून निम्मे विसरतो.

ह्यूस्टनने 1960 साली एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. धडधाकट तरुण उंच डोंगरात जातो, दोन दिवसांत त्याला दम लागतो, छातीत घरघर होते आणि न्युमोनिया समजून औषधे देईपर्यंत तो दगावतो. ह्यूस्टनने दाखवले की हा न्युमोनिया नव्हे, उंचीमुळे फुप्फुसात पाणी झिरपते. पेरू देशातल्या डॉक्टरांना हे आधीपासून ठाऊक होते, पण बाहेर फारसे कुणी ऐकले नव्हते. दोनच वर्षांनी, 1962 च्या युद्धात, आपले जवान घाईघाईने हिमालयात चढवावे लागले आणि याच दुखण्याने त्यांना गाठले. उंचीमुळे होणाऱ्या दुखण्यांनी आजारी पडलेल्या 1,925 जवानांचा अभ्यास भारतीय लष्करी डॉक्टरांनी 1969 साली प्रसिद्ध केला. जगात अजून त्याचा दाखला देतात.

आता हे आपल्या दारापर्यंत कसे येते ते बघा. आपल्या खेड्यांतून दरवर्षी माणसे चारधामला जातात. केदारनाथ 3,583 मीटरवर आहे. गौरीकुंडाहून एका दिवसात सुमारे 1,600 मीटर चढ होतो. म्हणजे आपले कळसूबाईचे शिखर समुद्राच्या काठापासून चढावे, जवळजवळ तेवढा, आणि तोही विरळ हवेत. हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांत पोचवतात, अंगाला सवय व्हायला वेळच नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येत नाही, इथवर विश्रांती घ्यावी आणि आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी दम लागला, खोकल्यातून गुलाबी फेस आला, ओठ निळे पडले, किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. प्राणवायू मिळाला तर द्यावा, पण माणसाला लगेच खाली न्यावे, आणि त्याच्याबरोबर कुणीतरी जावे.

अडचण अशी की म्हातारी माणसे बोलतच नाहीत. "देवाच्या दारात आलोय, आता कशाला परत नेता?" असे म्हणून ती दुखणे दडवतात. म्हणून यात्रेच्या बसचा जो प्रमुख असेल त्याने रोज संध्याकाळी प्रत्येकाजवळ जाऊन विचारावे, आजोबा, जेवण गेलं का, डोकं दुखतंय का. शंका आली तर जमिनीवर सरळ रेघ ओढावी आणि पावलाला पाऊल लावून त्यांना तिच्यावरून चालायला सांगावे. गावात नीट चालणारा माणूस तिथे झोकांड्या खाऊ लागला तर तो मेंदूला सूज येत असल्याचा इशारा समजावा. खाली उतरताना सोबतीला कोण जाणार, हे निघण्यापूर्वी गावातच ठरलेले असावे, म्हणजे ऐन वेळी दर्शन कुणाचे चुकायचे यावर वाद होत नाही.