बिनचालकाचा डंपर कशाच्या भरवशावर धावतो?

शॉवेलवरचा ऑपरेटर भरलेली बकेट हवेत एका जागी धरतो आणि समोरच्या पडद्यावर खूण करतो. बकेट नेमकी कुठे आहे, हे उपग्रहांच्या मदतीनं सेंटिमीटरच्या हिशोबात कळलेलं असतं. पुढच्या डंपरनं इथंच येऊन उभं राहायचं, एवढाच त्या खुणेचा अर्थ. थोड्याच वेळात कोमात्सूचा ‘९३०ई’ डंपर उलटा येत बकेटखाली थांबतो. त्याचं एकेक चाक पावणेचार मीटरच्या आसपास उंच आणि एका खेपेला पाठीवर सुमारे २९० टन माल. वर चालकाची केबिन आहे, पण तीत कोणी बसलेलं नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात लोहखनिजाच्या खाणींमध्ये हे रोज चालतं. रिओ टिंटो कंपनीनं २००८ च्या डिसेंबरमध्ये वेस्ट अँजेलस खाणीत असे डंपर आणले. त्याच वर्षी चिलीत कोडेल्को या सरकारी कंपनीच्या गॅब्रिएला मिस्त्राल तांबे खाणीतही ते नेमाच्या कामाला लागले. बंदरं तर खाणींच्याही पुढे होती. रॉटरडॅमच्या एका धक्क्यावर १९९३ पासून कंटेनर वाहणाऱ्या गाड्या चालकाविना फिरताहेत. याउलट अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या परिसरात सर्वसामान्य प्रवाशाला रिकाम्या चालक-आसनाची टॅक्सी मिळू लागली ती २०२० मध्ये.

या क्रमाकडे नीट पाहायला हवं. रस्त्यावरची मुलगी आणि वाऱ्यानं उडालेली पिशवी यांतला फरक २००८ च्या संगणकाला धड ओळखता येत नव्हता. चित्रं ओळखण्यात संगणकाची मोठी झेप २०१२ नंतरची. मग त्याआधीच इतकी अजस्र यंत्रं माणसाशिवाय कशी चालू लागली? त्यांना मुलगी आणि पिशवी ओळखायची वेळच येऊ नये, अशी जागा त्यांच्यासाठी तयार केली गेली होती, म्हणून. डंपर हुशार झाला त्याच्या कितीतरी आधी खाण शिस्तीत बसवली गेली.

ती शिस्त अशी. बिनचालक क्षेत्राला कुंपण किंवा बांध असतो आणि परवानगीशिवाय कोणी आत येत नाही. खाणीतला प्रत्येक रस्ता, वळण, माल टाकण्याची जागा संगणकातल्या नकाशात नोंदवलेली असते. स्फोट झाले, खोदकाम सरकलं, नवा उतार काढला, की सर्वेक्षणाची छोटी गाडी कडेकडेनं फिरून नवी हद्द नोंदवते आणि मगच नकाशा बदलतो. डंपरला वाटेचा एक तुकडा मिळतो. तो जोवर त्याच्या नावावर आहे, तोवर दुसऱ्या डंपरला तिथं शिरता येत नाही. रेल्वेत एका गाडीनं विभाग सोडल्याशिवाय मागच्या गाडीला सिग्नल मिळत नाही, तीच ही रीत. माणसं चालवत असलेल्या गाड्यांनाही सूट नाही. ग्रेडर, बुलडोझर, पाण्याचा टँकर, पर्यवेक्षकाची जीप, सगळ्यांवर आपली जागा सतत कळवणारं यंत्र बसवलेलं असतं. यंत्रणा प्रत्येकाभोवती सुरक्षित अंतराचं एक अदृश्य कडं आखते आणि डंपरनं त्यात यायचं नसतं. शिवाय आत जाणाऱ्यांकडे आणीबाणीचं बटण असतं. ते दाबलं, की आसपासचे बिनचालक डंपर जागच्या जागी उभे राहतात.

डंपरवर रडार आहे, लेझरही आहे. पण ती शेवटची राखण. रोजचं काम चालतं ते सगळ्यांना सगळ्यांचा पत्ता ठाऊक असण्यावर. बिनचालक वाहनांविषयीच्या आपल्याकडच्या लिखाणात कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचंच कौतुक फार होतं. उद्योगानं मात्र मोठं काम करून घेतलं ते वाहनांच्या आपसातल्या जोडणीकडून, हे आवर्जून सांगायला हवं.

पत्ता सेंटिमीटरपर्यंत कळणं ही साधी गोष्ट नाही. मोबाइलमधल्या जीपीएसची चूक काही मीटरांची असते. रुंद रस्त्यावरही समोरासमोरून जाणाऱ्या दोन डंपरांना ती परवडणार नाही. म्हणून खाणीत एक स्थिर केंद्र उभारतात. त्याची जागा आधीच अचूक मोजलेली असते. उपग्रह त्याला जी जागा सांगतात आणि ते प्रत्यक्षात जिथं आहे, त्यांतला फरक म्हणजे त्या क्षणाची चूक. ती रेडिओवरून प्रत्येक डंपरला कळवली जाते आणि डंपर आपला हिशोब दुरुस्त करतो. यात एक गंमतीची अडचणही आहे. ऑस्ट्रेलिया खंड दर वर्षी सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो. १९९४ च्या मोजणीवर बेतलेला राष्ट्रीय नकाशा त्यामुळे २०२० पर्यंत जवळजवळ १.८ मीटरनं चुकला असता. म्हणून देशाला आपले अक्षांश-रेखांश नव्यानं मांडावे लागले. खाणीतलं केंद्र त्याच सरकत्या जमिनीवर उभं असल्यानं आतल्या आत गोष्टी जुळून राहतात. पण बाहेरून आणलेला नकाशा आणि आतली मोजणी एकमेकांवर ठेवताना असा फरक डोळ्यांत तेल घालून तपासावा लागतो.

अचूकपणाची किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागली. ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत बोलकी वाटते. माणूस डंपर चालवतो तेव्हा तो कधी थोडा डावीकडून जातो, कधी उजवीकडून. त्यामुळे रस्त्यावरचा भार पसरतो. बिनचालक डंपर प्रत्येक खेपेला बोटभर फरकानं त्याच ओळीतून गेला. मालासकट पाचशे टनांपर्यंत जाणारं वजन तासन्‌तास त्याच दोन पट्ट्यांवर पडत राहिलं आणि रस्त्याला खोल चाकोऱ्या पडल्या. चाकोरीत पाणी साचतं, टायर कापले जातात, डंपर डुलतो. बंदरांच्या फरसबंदीवरही हेच दिसून आलं. यावर इलाज असा, की वेगवेगळ्या खेपांना वाट जाणूनबुजून थोडी बाजूला सरकवायची. चालकांच्या हातून नकळत रस्त्याची राखण होत होती, हे ते केबिनमधून उतरल्यावर कळलं.

ओल्या रस्त्याचंही तसंच. पाणी मारणाऱ्या टँकरनं जरा जास्त पाणी सोडलं, तर अनुभवी चालकाला स्टिअरिंगमध्येच निसरडेपणा जाणवतो आणि त्याचा पाय आपोआप सैल होतो. यंत्रणेला चाक घसरू लागल्यावरच ते कळतं. म्हणून पावसात वेगाची मर्यादा कमी करायची, की काम थांबवायचं, हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. रस्त्यावर पडलेल्या दगडाबाबतही तेच. डंपर थांबतो, कळवतो, आणि मग कोणीतरी गाडी घेऊन जाऊन पाहतं.

बिनतारी जाळं तुटलं की डंपर उभा राहतो. सुरक्षेच्या दृष्टीनं हे योग्यच, पण चाळीस डंपर एकदम उभे राहिले तर खाणच ठप्प होते. त्यात खाण ही रोज आकार बदलणारी जागा. आज जिथं मनोरा उभा आहे, तिथं उद्या सुरुंग लागणार असतो. म्हणून तिथले मनोरे ट्रेलरवर बसवतात, वर सौर पॅनेल आणि बॅटऱ्या. खोदकाम पुढं गेलं, की ट्रेलर ओढून न्यायचा. सुरुवातीला कारखान्यातल्यासारखं वायफाय वापरलं जाई. पुढे अनेक खाणींनी मोबाइलच्या तंत्रावर चालणारं स्वतःचं खासगी जाळं उभारलं. असं जाळं बाहेरच्या हातात गेलं तर काय होईल, याची झलक २०१५ मध्ये अमेरिकेत मिळाली होती. दोन संशोधकांनी दुरून, इंटरनेटवरून, धावत्या जीप चेरोकीचा ताबा घेऊन दाखवला आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीला १४ लाख वाहनं दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. पाचशे टनांपर्यंत जाणाऱ्या यंत्राबाबत ही भीती किती पटींनी वाढते, हे सांगायला नको.

रिओ टिंटोच्या खाणींतलं हे सगळं पर्थच्या विमानतळाजवळच्या नियंत्रण केंद्रातून सांभाळलं जातं. ते खाणींपासून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर आहे. तिथूनच पिलबाराच्या बिनचालक मालगाड्यांवरही लक्ष असतं. त्या सुमारे २.४ किलोमीटर लांब. खनिज घेऊन पहिली गाडी २०१८ च्या जुलैमध्ये टॉम प्राइसहून केप लँबर्ट बंदरापर्यंत २८० किलोमीटर धावली.

पैशाचं गणित उघड आहे. डंपर चोवीस तास चालवायचा, पाळी बारा तासांची, वर सुट्ट्या, म्हणजे एका डंपरमागे किमान चार चालक. त्यांना विमानानं आणायचं, राहायला-खायला द्यायचं, परत सोडायचं. रिओ टिंटोच्या म्हणण्यानुसार २०१७ मध्ये तिचा एकेक बिनचालक डंपर नेहमीच्या डंपरपेक्षा सरासरी ७०० तास जास्त चालला आणि मालवाहतुकीचा खर्च सुमारे १५ टक्क्यांनी उतरला. पाळी बदलताना, जेवणाच्या सुट्टीत डंपर थांबत नाही, त्याचे हे तास. तोवर या डंपरांमुळे एकही माणूस जखमी झाला नसल्याचंही कंपनी सांगत होती. आकडे कंपनीचे आहेत, हे ध्यानात ठेवूनही ते मोठेच म्हणावे लागतील.

पण शिस्तीत बसवलेल्या जागेतही फट राहते आणि ती माणूस आणि यंत्र एकत्र येतात तिथं. बीएचपी कंपनीच्या जिंबलबार खाणीत २०१४ च्या ऑगस्टमध्ये पाण्याचा टँकर आणि समोरून येणारा बिनचालक डंपर एकमेकांच्या वाटेत आले. डंपरनं ब्रेक लावले, तरी टक्कर झाली. टँकरवर माणूस होता. सुदैवानं तो बचावला. चौकशीत पुढं आलं ते विचार करायला लावणारं आहे. डंपर कोणत्या वाटेनं जाणार, हे टँकरच्या चालकाला पुरतं ठाऊक नव्हतं. संगणकातले रस्ते बदलताना तो बदल माणसांपर्यंत पोहोचवण्याची पद्धतही अपुरी होती. समोरून येणारा चालक आपल्याकडे बघतोय का, हे पाहून आपण रोज रस्त्यावर शेकडो निर्णय घेतो. रिकाम्या केबिनकडे पाहून काहीच कळत नाही. पुढच्याच वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं स्वयंचलित खाणकामासाठी सुरक्षेची आचारसंहिता काढली. तिचा मोठा भाग यंत्राविषयी नसून हद्दी, प्रशिक्षण आणि बदल कळवण्याच्या पद्धतींविषयी आहे.

आता आपल्याकडे येऊ. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितलं, की चालकांचा रोजगार जाईल म्हणून बिनचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही. त्यांचं म्हणणं गाड्यांबद्दल होतं, पण ज्या शहरात ते बोलले तिथंच वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं मुख्यालय आहे. चंद्रपूर, घुग्घुस, वणी, उमरेड या पट्ट्यातल्या तिच्या खुल्या खाणींत डंपर चालवून अनेक घरं चालतात. ती काळजी मला रास्त वाटते. पिलबारात मजूर मिळत नव्हते, इथं काम मिळत नाही. दोन्हीकडचं गणित एक असूच शकत नाही.

पण ‘चालक हवा की नको’ एवढ्यावरच वाद थांबला, तर या तंत्रातला आपल्या सर्वांत उपयोगाचा भाग हातचा जातो. देशातल्या खुल्या कोळसा खाणींत जे जीव जातात, त्यांत डंपर आणि टिप्परखाली किंवा त्यांच्या धडकेत जाणाऱ्यांचा वाटा नेहमीच मोठा राहिला आहे. कारणं डोळ्यांसमोर आहेत. उंच केबिनमधल्या चालकाला चाकाजवळचं काही मीटरांपर्यंत दिसतच नाही. माल वाहण्याच्या त्याच रस्त्यावर कंपनीचे डंपर, कंत्राटदाराचे टिप्पर, सुरुंगवाल्यांची गाडी, पंपावर चाललेले कामगार, सगळे असतात. पावसाळ्यात काळी माती भिजली, की रस्ता साबणासारखा होतो. रात्रपाळीत पहाटे चार वाजता डोळे मिटू लागतात. कोणालाही कामावरून न काढता यातलं बरंच काही टाळता येण्यासारखं आहे. त्यासाठी पिलबाराकडून बिनचालक डंपर नको, प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता कळवणारी जोडणी हवी.

ही जोडणी आपल्याला अगदी परकीही नाही. कोल इंडियानं कोळसा वाहणाऱ्या वाहनांवर जीपीएस बसवायला सुरुवात केली त्याला बरीच वर्षं झाली. वाटेत कोळसा चोरीला जाऊ नये, ठरलेल्या मार्गाबाहेर गाडी गेली तर कळावं, यासाठी. म्हणजे गाडी कुठे आहे, ही माहिती नियंत्रण कक्षात पोहोचते आहे. ती शंभर मीटरवर, वळणापलीकडे येणाऱ्या दुसऱ्या चालकाला पोहोचवायची, कंत्राटदाराच्या टिप्परलाही त्यातून सूट द्यायची नाही, आणि पायी आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हेल्मेटवर किंवा पट्ट्यावर तसंच यंत्र द्यायचं, एवढं काम उरलं आहे. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाला हे सक्तीचं करता येईल आणि कंत्राटाच्या अटींत ते घालणं कोळसा कंपन्यांच्या हातात आहे. कोळशाची चोरी रोखण्यासाठी जो खर्च करायला आपण तयार झालो, तोच खर्च खाणीत उतरणाऱ्या माणसासाठी करायला आणखी कोणत्या तंत्राची वाट पाहायची गरज नाही.