दुसरा बाण

आज वैशाखी पौर्णिमा. घरात कोणी रुग्णशय्येवर असेल, तर भगवान बुद्धांचा एक दृष्टान्त अवश्य स्मरावा. पाली ‘संयुत्तनिकाया’तील ‘सल्लसुत्ता’त ते म्हणतात, देहाची वेदना हा पहिला बाण, तिच्यासाठी केलेला शोक हा दुसरा. पहिला ज्ञानी पुरुषालाही चुकत नाही. दुसरा मात्र त्याला लागत नाही. शांती ती हीच.

परंतु शांती म्हणजे निष्क्रियता नव्हे. दुःख, त्याचे कारण, त्याचा निरोध आणि निरोधाचा मार्ग ही चार आर्यसत्ये वैद्याच्याच क्रमाने चालतात. योगसूत्रांवरील व्यासभाष्यातही रोग, रोगहेतू, आरोग्य व भैषज्य असाच चतुर्व्यूह आहे. कारण आहे म्हणून उपाय आहे. उपाय आहे म्हणून प्रयत्न हवा.

अतिसाराने पीडित भिक्षूला तथागतांनी स्वहस्ते स्नान घातले. आपणही रुग्णाला धीर द्यावा, औषध वेळेवर द्यावे. आजची पूजा तीच.