तालुक्याच्या कॉलेजातून डॉक्टरेटपर्यंत

लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी बी.ए.ला राज्यशास्त्र घेणारी मुले पुष्कळ. त्याच विषयात पीएच.डी. करणारा मात्र विरळा. बुद्धी कमी पडते असे नाही. ज्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, तिथे पुढची वाट सांगणारेच कोणी नसते.

निझामाच्या काळी इथल्या मुलाला विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया, आणि शिक्षण उर्दूतून. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादला कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले. दार जवळ आले तशी घराघरांतली पहिली पिढी पदवीधर झाली.

आजची वाट अशी आहे. पीएच.डी.च्या प्रवेशाला एम.ए.त ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बलांना ५० टक्के. आपली मुले एम.ए. नुसते पास व्हायला बघतात आणि दोन-चार टक्क्यांनी दार बंद होते. हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

पुढे नेट आणि सेट. सेटने प्राध्यापक होण्याची पात्रता मिळते, पैसा नाही. नेटमध्ये वरचे गुण मिळाले तर फेलोशिप मिळते. २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये आहे. शेतमजुराच्या मुलाला शिकत राहण्याची मुभा देणारी ही रक्कम. अल्पसंख्याकांसाठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद झाली. त्यामुळे या घरांतल्या मुलांना नेटचा आधार अधिकच मोलाचा झाला आहे.

पण नेटमध्ये राज्यशास्त्राची प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीत असते. आपण 'सार्वभौमत्व' शिकतो, तिथे 'संप्रभुता' येते. आपले 'कायदेमंडळ' तिथे 'विधायिका' होते. उत्तर येत असूनही मुलगा शब्दापाशी अडखळतो. म्हणून बी.ए.पासूनच एका वहीत तिन्ही भाषांतल्या संज्ञा शेजारी शेजारी लिहाव्यात.

राहिला विषय. तो दिल्लीहून आणायला नको. १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर परिसरात पुनर्वसन झाले, त्यात निर्णय कोणी घेतले? २०११ पासून पंचायतीत महिलांना निम्म्या जागा आहेत, पण कारभार कोणाच्या हाती आहे? हे प्रश्न राज्यशास्त्राचेच आहेत, आणि इथल्या मुलीला ते पुस्तकाआधी घरात भेटलेले असतात.

प्राध्यापकांना एवढीच विनंती, ही वाट मुलांना बी.ए.च्या पहिल्या वर्षीच फळ्यावर लिहून दाखवा. तिसऱ्या वर्षी निरोप समारंभात सांगून उपयोग नाही.