परदेशी सप्लायर : भरवसा किती, कंट्रोल किती?

चीनमधून माल मागवायचा म्हटलं की मला दोन टोकांची माणसं भेटतात. एक म्हणतो, "सर, माणूस एकदम चांगला आहे, रोज बोलतो, मी सगळे पैसे आधीच टाकले." दुसरा म्हणतो, "त्यांच्यावर विश्वासच नको, माल दुकानात आल्याशिवाय एक रुपया देणार नाही." पहिल्याचे पैसे अडकू शकतात, आणि दुसऱ्याला चांगला सप्लायर मिळतच नाही. कारण तिकडच्या माणसाला तुम्हीही अनोळखीच आहात. तुमच्या दुकानाचं नाव छापलेल्या १,००० पर्स त्याने शिवल्या आणि तुम्ही फोनच उचलला नाही, तर त्या तो कोणाला विकणार?

म्हणून माझं सरळ मत आहे. नातं माणसाशी जोडा, पण पैसे मालाच्या टप्प्यांप्रमाणे सोडा.

यासाठी सर्रास चालणारी पद्धत म्हणजे ३०-७०. ऑर्डर देताना ३० टक्के ॲडव्हान्स, उरलेले ७० टक्के माल तयार झाल्यावर. ॲडव्हान्समध्ये तो रेक्झिन, चेन, बकल खरेदी करतो आणि तुम्ही मध्येच पळणार नाही याची त्याला खात्री मिळते. उरलेली रक्कम हा तुमचा कंट्रोल. पण ती नेमकी कधी द्यायची? मेसेज येतो, "माल रेडी, फोटो बघा, पेमेंट करा." फोटोतली पर्स कायम सुंदरच असते, आपल्या प्रोफाइल फोटोसारखी! तेव्हा 'बाकी रक्कम तपासणीचा रिपोर्ट बघून' ही अट प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवरच लिहून घ्या, ॲडव्हान्स देण्याआधी. नंतर सांगितलं तर त्याला तो संशय वाटतो, आधी सांगितलं तर व्यवहाराचा नियम वाटतो. फरक एवढाच आहे, पण फार मोठा आहे.

तपासणी कोण करणार? एसजीएस, ब्युरो व्हेरिटास यांसारख्या संस्था कारखान्यात जाऊन माल बघतात. छोट्या ऑर्डरला त्यांची फी जड जाते. मग यिवूसारख्या होलसेल मार्केटमध्ये कमिशनवर काम करणारा एजंट धरता येतो. फक्त तो कारखान्याकडूनही कमिशन घेत नाही ना, हे आधी स्पष्ट विचारा. दोन्हीकडून खाणारा एजंट तुमचा माल कशाला नाकारेल?

आणि तपासायचं काय, हे तुम्ही लिहून दिलंय का? 'गुड क्वालिटी' हे दोन शब्द कुठल्याही कोर्टात उभे राहत नाहीत. त्याऐवजी लिहा : पीयू की पीव्हीसी, रेक्झिनची जाडी किती मिलिमीटर, चेन ५ नंबरची की ३ नंबरची, अस्तराचं कापड किती जीएसएम, एका खोक्यात किती नग. मंजूर केलेल्या सॅम्पलचे दोन नग सही करून ठेवा, एक त्याच्याकडे, एक तुमच्याकडे. भाव पाडतानाही हे लक्षात असू द्या. तुम्ही घासाघीस करून पर्समागे ८ रुपये कमी केलेत, तर ते बऱ्याचदा त्याच्या नफ्यातून जात नाहीत. ५ नंबरची चेन गुपचूप ३ नंबरची होते आणि गिऱ्हाईक महिन्याभरात पर्स घेऊन तुमच्या काउंटरवर उभं राहतं.

मोठ्या ऑर्डरला बँकेची एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, हा मार्ग आहे. पण यात एक गैरसमज फार आहे. बँक माल बघत नाही, कागद बघते. एलसीचे जगभर चालणारे नियम यूसीपी ६००, १ जुलै २००७ पासून लागू आहेत, आणि त्यांचा पायाच हा आहे. कागद अटींना धरून असतील तर बँक पैसे देणार, मग खोक्यात पर्स असोत की रद्दी. म्हणून एलसीच्या कागदांच्या यादीत तपासणीचं सर्टिफिकेट घालायला लावा.

काही गोष्टींत मात्र भरवसा वगैरे आणूच नका. एक, सरकारी नियम. उदाहरणार्थ, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा आयएसआय मार्क सक्तीचा आहे. "सर्टिफिकेट आहे" असं सप्लायर म्हणाला तरी ते भारताचंच आहे का, हे तुम्हीच तपासायचं. दुसरी, "आमचं बँक खातं बदललंय" असा मेल. कोणाचा तरी मेल हॅक करून हुबेहूब तशीच बिलं पाठवणारे लोक आहेत. जुन्या, ओळखीच्या नंबरवर फोन लावून आवाज ऐकल्याशिवाय नव्या खात्यात पैसे टाकायचे नाहीत. चांगला सप्लायर याचा राग धरत नाही, उलट त्याचेच पैसे वाचतात.

मग विश्वास वाढतो कुठे? तुमच्या वागण्यातून. रिपोर्ट चांगला आला की त्याच दिवशी पेमेंट करा, उगाच आठवडाभर लटकवू नका. चिनी नववर्षाच्या सुट्टीत, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, तिकडचे कारखाने बंद असतात. त्याआधीच पुढची ऑर्डर कळवा. दोन-तीन ऑर्डर नीट झाल्या की ॲडव्हान्स ३० वरून २० टक्क्यांवर आणायचं बोला, तोही ऐकतो. तपासणी प्रत्येक वेळी नको, अधूनमधून चालेल. पण पूर्ण बंद नाही.

आणि माल खराब निघालाच, तर आरडाओरडा न करता त्याच दिवशी खोकं उघडतानाचा व्हिडिओ, खराब नगांची मोजणी आणि सही केलेल्या सॅम्पलशेजारी ठेवून काढलेले फोटो पाठवा. रोख परत मागितलीत तर बहुतेक वेळा वाद होतो. पुढच्या बिलात वजावट किंवा जादा नग मागा, ते लवकर मिळतं.