विश्लेषण : शंख-शिंपले, जुने फोटो, पितळी भांडी... बाथरूममध्ये मांडलेला संग्रह टिकतो का?

ब्रिटिश अभिनेत्री केट विन्स्लेटने २००९ मध्ये मिळालेले ऑस्कर दिवाणखान्यात न ठेवता बाथरूममध्ये ठेवले. पाहुण्यांना दार लावून, आरशासमोर उभे राहून, ती बाहुली हातात धरून मनसोक्त ‘आभाराचे भाषण’ करता यावे, हा तिचा हेतू. एमा थॉम्पसनचे ऑस्करही घरातल्या टॉयलेटमध्येच असतात. संग्रहातील वस्तू बाथरूममध्ये मांडण्याची ही हौस आता आपल्याकडच्या फ्लॅटमध्येही दिसू लागली आहे. सहलीत जमवलेले शिंपले, आजीचे घंगाळ, जुनी अत्तराची कुपी, शाळेतली पदके, फ्रेम केलेले फोटो अशा वस्तू बेसिनच्या वरच्या फळीवर येऊ लागल्या आहेत. पण पहिल्याच पावसाळ्यात फोटोला बुरशी येते, पदक हिरवे पडते. असे का होते आणि काय मांडावे, काय मांडू नये?

आपले बाथरूम वेगळे कसे?

सजावटीची जी छायाचित्रे मोबाइलवर फिरतात, ती बहुतांशी कोरड्या बाथरूमची असतात. तिथे आंघोळ टबात किंवा काचेआड होते आणि बाहेरची फरशी कोरडी राहते. आपल्याकडे बादली-तांब्याची आंघोळ, शेजारीच कपडे धुणे आणि शेवटी सगळ्या फरशीवर पाणी ओतणे ही रोजची रीत. शिंतोडे कमरेपर्यंतच्या भिंतीवर सहज उडतात. त्यात कोकण किनारपट्टीवर आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे ओले झालेले बाथरूम बाहेरच्या हवेने वाळेल, ही आशाही या दिवसांत फारशी नसते.

वाफ वस्तूंचे नेमके काय करते?

गरम हवेत बाष्प जास्त मावते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरून ठेवते. २० अंशांना ही क्षमता सुमारे १७ ग्रॅमवर येते. आंघोळीनंतर ही कोंदट हवा थंड आरशाला, टाइल्सना, फ्रेमच्या काचेला टेकते आणि जादाचे बाष्प पाण्याचे थेंब होऊन तिथेच जमते. आरसा पुसला जातो. फ्रेमच्या मागे गेलेले पाणी मात्र कुणी पुसत नाही.

आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागद, कापड, चामडे, लाकूड यांवर बुरशी धरण्याची शक्यता वाढते. वस्तू भिजल्यानंतर २४ ते ४८ तासांत वाळली नाही, तर बुरशीला पुरेसा वेळ मिळतो. शिवाय रोज ओले-कोरडे होण्याने लाकूड फुगते आणि आक्रसते, सांधे सुटतात, रंगाचे पोपडे निघतात.

सर्वाधिक धोका कशाला?

जुन्या फोटोंना. पूर्वीच्या फोटोंवर जिलेटिनचा थर असतो. तो ओलावा शोषून फुगतो, चिकट होतो आणि फ्रेमच्या काचेला डकतो. नंतर काच काढायला गेले की चेहराच काचेबरोबर निघून येतो. ज्या फोटोची निगेटिव्ह नाही, तो असा गेला की कायमचा गेला. त्यामुळे आजी-आजोबांचा लग्नातला फोटो बाथरूममध्ये लावायचाच असेल, तर तो स्कॅन करून त्याची प्रत लावावी आणि मूळ फोटो कपाटात ठेवावा. टपाल तिकिटे, नोटा, पोस्टकार्डे, जुनी मासिके यांनाही हाच नियम लागू पडतो.

धातूंचे काय?

विन्स्लेटच्या ऑस्करला वाफेची फारशी भीती नाही, कारण त्यावर २४ कॅरेट सोन्याचा मुलामा आहे आणि सोने हवा-पाण्याला दाद देत नाही. शाळेतल्या पदकाचे तसे नसते. त्यावर पातळ मुलामा असतो. तो एका जागी उडाला की आतला मिश्रधातू गंजू लागतो. तांब्या-पितळेवर हिरवट कळंक चढतो. चांदी काळी पडते ती गंधकयुक्त वायूंमुळे, आणि मोरीच्या जाळीतून येणाऱ्या दुर्गंधीत हेच वायू असतात. जुन्या नाण्यांबाबत तर दुहेरी नुकसान आहे : ओलाव्याने ती खराब होतात आणि चिंच-मिठाने घासली की संग्राहकांच्या लेखी त्यांची किंमत उतरते.

घंगाळ, बंब, तांब्या ही भांडी तर मूळची न्हाणीघरातलीच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाय घासायच्या वज्रीलाही कलावस्तूचा मान मिळाला आहे. मात्र ही भांडी पूर्वी रोज घासली जात, म्हणून लखलखत. आता ती नुसतीच मांडायची असतील, तर दर आठवड्याला कोरड्या कापडाने पुसणे आणि अधूनमधून मेणाचा पातळ हात देणे आवश्यक ठरते.

शिंपले तर समुद्रातलेच, मग त्यांना काय होणार?

पाण्याने त्यांचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते अॅसिडने. शंख-शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात. टॉयलेट साफ करायच्या अनेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्याचा शिंतोडा शिंपल्यावर, संगमरवरावर पडला की फेस येतो आणि पृष्ठभाग कायमचा खरखरीत होतो. नुसत्या वाफांनीही धातूवर डाग पडतात. त्यामुळे अॅसिड वापरण्याआधी फळी रिकामी करावी, निदान झाकावी. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

शिंपले बंद लाकडी पेटीत ठेवणेही योग्य नाही. लाकडातून, विशेषतः एमडीएफमधून, सुटणाऱ्या आम्लाच्या वाफांनी त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. आणखी एक बाब कायद्याची. प्रवाळ, समुद्रपंखा आणि शंख-शिंपल्यांच्या काही प्रजातींना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यामुळे किनाऱ्यावरच्या दुकानातून मोठा शंख किंवा प्रवाळाचा तुकडा घेण्याआधी त्याची प्रजात विचारून घेणे शहाणपणाचे.

मग मांडावे तरी काय?

चिनी माती, झिलई असलेले सिरॅमिक, काच, स्टेनलेस स्टील आणि गुळगुळीत दगड या वस्तू टिकतात. जुन्या बरण्या, रंगीत बाटल्या, चिनी मातीचे कप, नदीतले गोटे, जुन्या नक्षीदार टाइल्स यांचा संग्रह असेल, तर बाथरूम ही वाईट जागा नाही. बोअरवेल किंवा टँकरचे जड पाणी असेल तर मात्र काचेवर पांढरे डाग पडतात. ते व्हिनेगरने निघतात. झिलई नसलेली टेराकोटा ओलावा पिते आणि क्षारांचे पांढरे फूल अंगावर आणते, म्हणून ती टाळावी. देवादिकांच्या मूर्ती व तसबिरी बाथरूममध्ये न ठेवण्याचा संकेत बहुतेक घरांत पाळला जातो. पाहुण्यांचा विचार करता तोही ध्यानात ठेवावा.

कुठे आणि कसे मांडावे?

काचेची वस्तू अनवाणी पाय पडतात तिथे, लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर किंवा शॉवरच्या बाजूला नको. फळीला पुढे छोटा कठडा असावा. चिकटवायचे हुक वाफेने सुटतात, त्यामुळे जड वस्तू त्यावर टांगू नये. ड्रिल मारण्याआधी भिंतीतल्या पाइपची वाट माहीत असायला हवी. एक चुकीचे भोक पडले, तर खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येते आणि प्रकरण सोसायटीच्या बैठकीत जाते. संग्रहासाठी दिवे लावायचे तर ते पाण्यापासून संरक्षित प्रकारचेच हवेत आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी असावे.

सर्वांत मोठी चूक कोणती?

हवा येण्या-जाण्याची जागा अडवणे. खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांसमोर बाटल्यांची रांग छान दिसते, ऊन आले की रंग चमकतात. पण त्याने वाफ आतच कोंडते आणि बुरशी वाढते. ज्या घरात बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, तिथे हा प्रश्न वस्तूंपुरता राहत नाही. हवा कमी पडली की गॅसचे ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. अशा बंद बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू झाल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. त्यामुळे खिडकी, जाळी आणि एक्झॉस्ट फॅन यांच्यासमोर काहीही मांडू नये. गॅस गीझर शक्यतो बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा.

आंघोळीनंतर निदान अर्धा तास पंखा चालू ठेवणे, वायपरने फरशी कोरडी करणे आणि पावसाळ्याचे चार महिने नाजूक वस्तू आत हलवणे, एवढे केले तरी बरेच साधते. ओलाव्याचा अंदाज घ्यायला छोटा डिजिटल आर्द्रतामापक पुरतो. वस्तू फळीवर ठेवण्याआधी एकच प्रश्न विचारावा : ही बिघडली तर दुसरी मिळेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तिची जागा दिवाणखान्यातल्या कोरड्या कपाटात आहे.