दस्ता लाकडी की फायबरचा?

सकाळी सातला शटर वर जातं. मुंबईतल्या नागरी निवारा वसाहतीतून निघून चित्रनगरीच्या रस्त्याला लागलं, की आतल्या गल्लीत आमचा गाळा. सिनेमा-मालिकांची प्रॉपर्टी बनवतो: ढाली, पालख्या, बंदुका. सध्या बंदूकच. कथेचा काळ १९३०च्या आसपासचा, रान दाजीपूरचं. कोल्हापूर संस्थानचं हे शिकारीचं जंगल १९५८मध्ये गव्यांचं अभयारण्य झालं. नायकाच्या हातात ‘थ्री सेव्हन्टी फाइव्ह मॅग्नम’ रायफल हवी. तिचं काडतूस हॉलंड अँड हॉलंडने १९१२ला काढलं, आफ्रिकेत ते रानरेडे आणि हत्तींवरही चाललं. आमची अर्थातच डमी, तिच्यातून हवासुद्धा सुटत नाही. भांडण आहे ते दस्त्याचं.

साडेआठला आर्ट डिपार्टमेंटचा मुलगा येतो. “काका, फायबरचा करून टाका ना. लवकर होईल, स्वस्तात होईल, पडला तरी वाचेल.” तिन्ही मुद्दे खरे आहेत, म्हणूनच राग येतो.

मिस्त्री त्याच्याकडे लक्ष न देता फळ्या उलटसुलट करत असतात. इंग्रजी रायफलींना अक्रोडाचं लाकूड, कारण ते चिवट असून फार जड नसतं आणि बारीक कोरकामही सोसतं. आमच्या बजेटात शिसव बसतं. मिस्त्री फळी पाण्याने पुसतात, रेषा वर येतात. मूठ धरायची जागा सगळ्यात बारीक, तिथे रेषा लांबीला सरळ धावायला हव्यात. तिरप्या गेल्या, तर खरी बंदूक तिथेच मोडते. मागच्या रुंद भागात मात्र रेषा कितीही नाचू देत, तिथे त्या शोभेच्या. दोन देखण्या फळ्या बाजूला पडतात. निवडली जाते ती जरा रुक्ष दिसणारी.

दहाला सुभेदारसाहेब. फौजेतून निवृत्त, आता शस्त्रांचे जाणकार म्हणून सेटवर असतात. चहा घेतानाच त्यांनी मुलाला प्रश्न टाकला, “गोळी पुढे जाते, मग लाकूड कशाने फुटतं?” मुलगा गप्प. मग त्यांनी मिस्त्रींच्या खोबणीत बोट घातलं. नळीच्या मुळाशी खालून पोलादाचा एक आडवा ठोकळा असतो. बंदूक उडाली की सगळं लोखंड मागे धावतं आणि हा ठोकळा लाकडाला धडक देतो. साध्या थर्टी-ओ-सिक्स रायफलीच्या जवळपास दुप्पट धक्का या मॅग्नमचा. खोबण सैल असेल किंवा तेल मुरून लाकूड मऊ पडलं असेल, तर लोखंड थोडं जास्त सरकतं आणि त्याची मागची निमुळती शेपटी पाचरीसारखी लाकडात घुसते. मुठीमागे उभा तडा जातो. म्हणून त्या शेपटीमागे जाणून केसभर फट ठेवतात आणि जड बंदुकीच्या दस्त्यात आडवे बोल्ट घालतात. गोल डोकी बाहेरून दिसतात. आमच्या डमीलाही ती हवीत, असं साहेबांनी बजावलं. जाणत्या प्रेक्षकाची नजर तिथेच जाते.

बाराला उकाडा, पंखा आणि उलट बाजूचा वकील. तोही सुभेदारसाहेबच, हे मला आवडलं. रेमिंग्टनने १९५९मध्ये नायलॉनच्या दस्त्याची रायफल बाजारात आणली. पण ती छोट्या पॉइंट टू-टूची, धक्का नावालाच. खरी परीक्षा व्हिएतनामच्या दमट जंगलात झाली. अमेरिकी मरीन नेमबाजांच्या लाकडी दस्त्यांनी पाणी प्यायलं, ते फुगले, वाकले, नळीला टेकले आणि नेम हलला. नंतरच्या रायफलींना फायबरग्लासचे दस्ते आले. मुंबईच्या जुलैत आमच्या गाळ्याचं आतलं दार फुगून घट्ट बसतं, त्यातलंच हे.

पण फायबरलाही जातपात आहे. कापडाचे थर राळेत बसवून केलेला दस्ता दगडासारखा. साच्यात ओतलेला स्वस्त प्लॅस्टिकचा पोकळ, बोटाने दाबला तर वाकतो. शिवाय तो हलका. चार किलोची बंदूक साडेतीनवर आणली, की तेच काडतूस सातवा हिस्सा जास्त ऊर्जेने खांद्यावर आदळतं. डोंगर चढताना वाचवलेलं वजन चाप ओढताना असं वसूल होतं. माझ्या मते धक्क्याच्या बाबतीत लाकूड की फायबर हा प्रश्नच दुय्यम. वजन, मागची रबरी गादी आणि दस्त्याची ठेवण हे आधी. दस्ता मागे फार उतरता असेल, तर नळी उसळते आणि लाकूड गालफडात बसतं.

जेवण. मुलगा डब्यातली भेंडी मिस्त्रींना देतो. तह झाला म्हणायचा.

दुपारी अडीच ते साडेचार खरं काम. कानस, मग पॉलिश पेपर, मग अळशीच्या तेलाचे चार थेंब. ते तळहाताने घासायचं, हात गरम होईपर्यंत. ब्रशने लावलेलं वर चिकट बसतं, हाताने चोळलेलं आत जातं. शिसवाचा करडेपणा जातो आणि तपकिरी खोली येते. जवळून घेतलेल्या शॉटमध्ये फायबरवर रंगवलेल्या रेषा लगेच उघड्या पडतात, कारण खऱ्या लाकडात उजेड कोन बदलला की हलतो. याच दस्त्यावरून सिलिकॉनचा साचा घेतला, जुळा भाऊ फायबरचा.

साडेपाचला चित्रनगरी. नटाने फायबरची बंदूक एका हाताने छडीसारखी उचलली. सुभेदारसाहेब नुसतं बघत राहिले. ती परत आणून पोटात लोखंडी पाइप घातला, वजन चार किलोवर नेलं. आता त्याचा डावा हात आपोआप पुढे सरकला, खांदा ताठ झाला. धक्का मात्र अजूनही अभिनयातूनच यायचा.

सातला निकाल लागला. तोंडाजवळच्या शॉटला लाकडी. पावसात, चिखलात आणि पळताना फायबर. खऱ्या बंदुकीतही मी हीच वाटणी करीन. कोकणातल्या ओलीत राहणारी असेल तर चांगल्या थरांचा, पुरेसा जड फायबर. कोरड्या गावात सांभाळून वापरणार असाल तर लाकूड, पण रेषा बघून.

शिकारीचे दिवस १९७२च्या वन्यजीव कायद्याने संपले. तरी आजोबांची परवान्याची रायफल अजून कुणाच्या घरी असेल, तर पावसाळ्यात ती चामड्याच्या गवसणीत ठेवू नका, चामडं ओल धरतं. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून मुठीमागे बोट फिरवा. केसाएवढा तडा लागला, तरी ती उडवून बघायची नाही. परवानाधारक कारागिराकडे न्यायची.