‘योगक्षेम’नं नाकारलेलं उत्तर

आयुर्विमा महामंडळाचं बोधचिन्ह पाहिलं नाही असा मराठी माणूस विरळा. दिव्याच्या ज्योतीला आडोसा देणारे दोन हात आणि खाली गीतेच्या नवव्या अध्यायातलं ब्रीदवाक्य. हे चित्र भिंतीवरच्या कॅलेंडरावर असतं, एजंटानं दिलेल्या डायरीवर असतं आणि कपाटातल्या पॉलिसीच्या लिफाफ्यावरही असतं. मुंबईत नरिमन पॉइंटला महामंडळाचं मध्यवर्ती कार्यालय आहे, त्या इमारतीचं नाव ‘योगक्षेम’. महामंडळ एक नियतकालिक काढत असे, त्याचंही नाव ‘योगक्षेम’.

या नियतकालिकाच्या एका अंकावरून झालेलं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, ही गोष्ट विम्याच्या धंद्यात आयुष्य काढलेल्यांनाही फारशी ठाऊक नसते. प्रस्तुत लेखकाला या भांडणानं कित्येक वर्षं धरून ठेवलं आहे. क्लेम नाकारला, खात्यातून पैसे गेले, न मागितलेल्या सेवेचा हप्ता कापला, अशा आजच्या सगळ्या तक्रारींच्या तळाशी एकच प्रश्न असतो. मोठ्या संस्थेनं आपलं म्हणणं छापून टाकलं, तर साध्या माणसाच्या उत्तराला जागा कुठे? तो प्रश्न या भांडणात अगदी उघडा पडला होता.

साल १९७८. आयुर्विम्याच्या क्षेत्रात तेव्हा महामंडळ एकटंच होतं. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा संस्था एकत्र करून ते उभं राहिलं, आणि खासगी कंपन्यांना दार उघडायला २००० साल उजाडावं लागलं. एवढ्या काळात हप्ता महाग वाटला तरी ग्राहकाला दुसरं दुकान नव्हतं. ग्राहक संरक्षण कायदा यायलाही अजून आठ वर्षं होती. अशा वेळी अहमदाबादला प्राध्यापक मनुभाई शाह यांनी ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’ ही संस्था सुरू केली आणि पहिल्याच वर्षी देशातल्या सर्वांत बलाढ्य वित्तसंस्थेवर एक अभ्यासनिबंध लिहिला. पॉलिसीधारकांची फसवणूक, एक धक्कादायक कहाणी, अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं. १० जुलै १९७८ रोजी तो वितरित झाला. महामंडळ भेदभावाच्या पद्धती वापरतं, त्यात असंख्य पॉलिसीधारकांचं नुकसान होतं आणि हप्ते अवाजवी आहेत, असं त्यात मांडलं होतं.

हप्त्याचा मुद्दा हवेतला नव्हता. आयुर्विम्याचा हप्ता मृत्युदराच्या तक्त्यावर ठरतो, म्हणजे अमुक वयाच्या हजार माणसांतली किती वर्षभरात जातील याच्या हिशेबावर. महामंडळाला वारशात मिळालेला तक्ता मुंबईच्या ओरिएंटल कंपनीचा, १९२५ ते १९३५ या काळातल्या अनुभवावर बेतलेला. पेनिसिलिन हाती येण्याआधीचा तो काळ. माणसं जास्त जगू लागली की आयुर्विमा कंपनीला दावे उशिरा द्यावे लागतात, तेवढा काळ हप्ते येत राहतात आणि पैसा गुंतवणुकीत राहतो. तो फायदा हप्ता भरणाऱ्याच्या पदरात किती पडतो, हे विचारणं हा ग्राहकाचा रोकडा हक्क होता.

महामंडळाच्या बाजूनं उत्तर आलं. ६ नोव्हेंबर १९७८ रोजी ‘द हिंदू’ या दैनिकात शाह यांचे निष्कर्ष खोडणारा लेख छापून आला. शाह यांनी त्याला प्रत्युत्तर लिहिलं आणि ‘द हिंदू’नं ते ४ डिसेंबरला छापलं. इथपर्यंत सगळं सरळ होतं. दोघांनाही एकाच व्यासपीठावर जागा मिळाली होती. पुढे महामंडळानं आपल्या बाजूचा लेख ‘योगक्षेम’मध्ये छापला. शाह यांनी विनंती केली, की माझंही उत्तर छापा. ती नाकारली गेली.

कारण काय दिलं, तर ‘योगक्षेम’ हे घरचं मासिक आहे. ते कर्मचारी, एजंट आणि महामंडळाशी संबंधित मंडळींसाठी आहे, त्यात काय छापायचं ते आम्ही ठरवू.

शाह गुजरात उच्च न्यायालयात गेले. एका मासिकातल्या चार पानांसाठी रिट याचिका! पण न्यायालयानं मासिकाची नीट तपासणी केली. वर्गणी भरणाऱ्या कोणालाही ते मिळत होतं आणि बाहेरच्यांकडून लेखही मागवले जात होते. मग ते घरचं कसं राहिलं? शिवाय महामंडळ ही राज्यसंस्था. तिचं मासिक लोकांच्या पैशावर चालतं. टीका करणाऱ्याला खोडायचं आणि त्याचं उत्तर वाचकांपासून दडवायचं, हा मनमानी कारभार ठरला. निकाल शाह यांच्या बाजूनं लागला.

महामंडळानं अपील केलं. २२ जुलै १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या वतीनं न्यायमूर्ती ए. एम. अहमदी यांनी निकाल लिहिला. पुढे हेच अहमदी देशाचे सरन्यायाधीश झाले. त्याच निकालात दुसरंही एक प्रकरण होतं. भोपाळ वायुकांडावरच्या ‘बियाँड जेनोसाइड’ या पुरस्कारप्राप्त माहितीपटाचं प्रक्षेपण दूरदर्शननं नाकारलं होतं. विम्याच्या हप्त्यांवरचा निबंध आणि भोपाळच्या पीडितांवरचा माहितीपट ही दोन प्रकरणं शेजारी बसवून न्यायालयानं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा एकत्र विचार केला, आणि दोन्ही ठिकाणी नकार देणारी सरकारी यंत्रणा हरली. सरकारी मासिकानं आलेलं प्रत्येक लिखाण छापलंच पाहिजे, असं न्यायालय म्हणालं नाही. पण एक बाजू छापली असेल, तर त्या वाचकांपुढे दुसरीही यायला हवी, मग ते वाचक मोजके का असेनात, एवढं त्यानं स्पष्ट केलं. ‘योगक्षेम’मध्ये मागितलेल्या जागेचा हक्क अखेर मान्य व्हायला सुमारे तेरा वर्षं लागली.

घटनेच्या अभ्यासकांनी हा निकाल अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या प्रकरणात ठेवला आणि तिथेच तो राहिला. खरं तर तो ग्राहक चळवळीच्या इतिहासात अगदी पुढच्या पानावर असायला हवा. शाह यांनी नुकसानभरपाई मागितली नव्हती. जिथे आपल्याला खोटं ठरवलं, तिथेच आपलं म्हणणं कागदावर उमटावं एवढाच त्यांचा आग्रह होता. ग्राहकाच्या कुठल्याही भांडणाचा पाया तोच आहे.

शाह यांच्याच संस्थेनं महामंडळाला आणखी एकदा न्यायालयात खेचलं. एका स्वस्त मुदत विमा योजनेची दारं फक्त सरकारी, निमसरकारी आणि नामांकित कंपन्यांतल्या नोकरदारांनाच उघडी होती. शेतकरी, छोटे दुकानदार, रोजंदारीवरचे मजूर अटीतच बाद होत. १० मे १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही अट घटनाबाह्य ठरवली. ज्याच्या घरात पेन्शन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, त्यालाच स्वस्त विमा नाकारायचा, ही पद्धत तिथे थांबली.

मधल्या काळात बरंच घडलं. महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशींची ग्राहक पंचायत १९७४ पासून उभी होती, पाठोपाठ मुंबई ग्राहक पंचायत आली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत बँकिंग आणि विमा नावानिशी आले, आणि हप्ता भरणारा माणूस पहिल्यांदा कायद्यानं ग्राहक ठरला. २०१९ च्या नव्या कायद्यात जिल्हा मंचाचा जिल्हा आयोग झाला, आणि तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करण्याची मुभा मिळाली. लातूरच्या माणसाला मुंबईच्या कंपनीविरुद्ध लातुरातच दाद मागता येते, हा बदल फार मोलाचा आहे.

आता त्या कागदाकडे येऊ, ज्याला धंद्यात ‘रिप्युडिएशन लेटर’ म्हणतात. क्लेम नाकारल्याचं पत्र. घरातला कर्ता गेलेला, नॉमिनी म्हणून पत्नीचं नाव, आणि दोन-तीन महिन्यांनी इंग्रजीत एक पान येतं. मृतानं प्रपोजल फॉर्ममध्ये अमुक आजार लपवला, सबब दावा अमान्य. बहुतेक घरांत हे पत्र म्हणजे शेवट समजलं जातं. प्रत्यक्षात लढाईतलं सर्वांत उपयोगी हत्यार तेच आहे, कारण त्यानं कंपनीचे हात बांधले जातात.

सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये गलाडा पॉवर आणि २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्स या कंपन्यांच्या प्रकरणांत हे सांगितलं आहे. नकाराच्या पत्रात जे कारण नाही, ते विमा कंपनीला नंतर आयोगापुढे नव्यानं काढता येत नाही. पत्रात आजाराचं कारण लिहिलं असेल तर सुनावणीत हप्ता उशिरा भरल्याचा मुद्दा घुसवता येत नाही. म्हणून फोनवरच्या ‘नाही’वर समाधान मानू नये. नकार लेखी मागावा, कारणासकट मागावा.

कायदाही याच बाजूनं झुकत आला आहे. १९३८ च्या विमा कायद्याचं ४५ वं कलम मुळात सांगत होतं, की दोन वर्षांनंतर केवळ चुकीच्या माहितीच्या कारणावरून आयुर्विमा पॉलिसीवर शंका घेता येणार नाही. त्यानंतर शंका घ्यायची तर महत्त्वाची बाब जाणूनबुजून, कपटानं लपवल्याचं कंपनीनं सिद्ध करावं. २०१५ च्या दुरुस्तीनं मुदत तीन वर्षं झाली, पण तीन वर्षांनंतर कुठल्याही कारणानं पॉलिसीवर प्रश्न उपस्थित करण्याची वाट बंद झाली. मुदतीच्या आत नाकारायचं असेल, तर कारणं आणि ज्या पुराव्यावर निर्णय घेतला तो पुरावा लेखी कळवणं कंपनीवर बंधनकारक झालं. आरोग्यविम्यातही सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, की जुना आजार सांगितला नाही या कारणानं दावा फेटाळता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. हा नियम २०२४ चा. त्याआधी ही मुदत आठ वर्षं होती.

लपवलं म्हणजे काय, यावरही न्यायालयांनी बराच प्रकाश टाकला आहे. २०१५ च्या एका निकालात विमेदार हृदयविकारानं गेला होता आणि महामंडळाचं म्हणणं होतं, की त्यानं मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं विचारलं, मृत्यूचा त्या दुखण्याशी संबंध काय? दावा द्यावा लागला. मात्र हे प्रत्येक प्रकरणात चालेल असं समजू नये. प्रपोजल फॉर्ममध्ये थेट विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर दिल्यामुळे दावे बुडाल्याचेही निकाल आहेत. फॉर्म बहुधा एजंट भरतो, ग्राहक फुल्या मारलेल्या जागी सह्या करतो, आणि ‘कुठला आजार आहे का?’ या ओळीपुढे सरसकट ‘नाही’ पडतं. घराघरांत चालणारा हा प्रकार प्रस्तुत लेखकाला सगळ्यांत धोकादायक वाटतो. मधुमेहाची गोळी रोज घेणाऱ्या माणसानं सही केली, की दहा सेकंदांत त्याच्या बायकोच्या पुढच्या पाच वर्षांच्या खेपा ठरतात.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तोंडपाठ असावं असं आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि खात्यातून परस्पर पैसे गेले, तर बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार करणाऱ्याची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत केली तर खात्याच्या प्रकारानुसार मर्यादित. बँकेनं दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. मात्र ओटीपी स्वतःच कोणाला सांगितला असेल, तर तक्रार पोचेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी येतं. म्हणून शाखेत जाऊन साहेबांच्या कानावर घालून भागत नाही. तक्रारीचा नंबर आणि वेळ हातात हवी.

वर्गणीच्या नावाखाली महिन्याला १९९ किंवा २९९ रुपये कापले जाणं ही नवी डोकेदुखी. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या आपोआप वजावटीसाठी रिझर्व्ह बँकेची चौकट सक्तीची झाली. पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवायचं आणि ती वजावट थांबवण्याची सोय द्यायची. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी आहे. घेताना एका बटणात आणि सोडताना दहा पानांत अडकवणारा वर्गणीचा सापळा तिच्यात नावानिशी आहे.

दाद मागण्याची वाट आता वकिलाशिवायही चालता येते. आधी कंपनीकडे किंवा बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवस वाट. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपाल. विमा लोकपालाकडे ५० लाखांपर्यंतच्या दाव्याची तक्रार विनामूल्य करता येते, कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहकावर तो लादला जात नाही, त्याला आयोगाचं दार उघडं राहतं. लोकपालाकडे जायची मुदत साधारण एक वर्ष, आयोगाकडे दोन वर्षं. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर शुल्क नाही. राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५.

लक्ष्मीपूजनाला वह्या पूजेला ठेवतात. यंदा त्याआधी कपाटातली विम्याची फाइल खाली काढा आणि पॉलिसीसोबत प्रपोजल फॉर्मची प्रत आहे का पाहा. असेल तर आजारांच्या प्रश्नांपुढे कोणाच्या अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. उत्तर चुकीचं असेल तर आजच कंपनीला लेखी कळवा. प्रत नसेल तर शाखेला पत्र लिहून मागा आणि त्या पत्राच्या आपल्या प्रतीवर पोच घ्या.